मान तुटलेला मोर

१

चौतीस वर्षं मी कलेक्टर कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली. तिथं मला उंदीर सापडले, वाळवी सापडली, एकदा तर चांगली पुरुषभर धामण निघाली. पण रुमाल सोडावा आणि आत चादर निघावी, असं माझ्या कारकिर्दीत कधी घडलं नव्हतं. ते घडलं मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर, आणि तेही मी तयार केलेल्या पोरीच्या हातून.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या फायली लाल खारव्याच्या चौकोनी कापडात बांधतात, वर लाल नाडीची गाठ मारतात, त्या गाठोड्याला आमच्याकडं रुमाल म्हणतात. असे साडेतीन हजार रुमाल त्या खोलीत आहेत. माझं नाव भुवनेश्वरी हिरेमठ. कचेरीत सगळे अक्का म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे, ते जाऊ द्या.

शुक्रवारी सकाळी रेश्मा माझ्या शेळगीच्या घरी आली. चप्पल न काढताच आत आली, तिथंच मी ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय. माझ्यानंतर रेकॉर्डची जबाबदारी तिच्याकडं होती. महिन्यापूर्वी, खंडेनवमीला, साडेतीन हजार रुमालांच्या गाठींना कुंकू लावून बोट लाल झालेलं मला दाखवायला आली होती. तीच पोर आता भिंतीला टेकून हुंदके देत होती.

कल्पवृंदची फाइल नाहीशी झाली होती.

कल्पवृंद टेक्सटाइल म्हणजे होटगीच्या पुढची ती अवाढव्य मिल. सात वर्षांपूर्वी गायरानाच्या जमिनीवर उभी राहिली आणि यंदा जूनमध्ये एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं. मालक परदेशी पळाला. तीन हजार माणसं डबे घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. तेव्हापासून जिल्ह्यात एकच तमाशा चालू होता. करकंबचे माजी मंत्री अभिमन्यू कोरके म्हणत, त्या लबाडाला जमीन युवराज थिटेनं मिळवून दिली. आमदार युवराज थिटे म्हणत, मिळवून दिली ती कोरक्यानं. दोघांचं हाडवैर. अधिकाऱ्यांनी 'जमीन देऊ नये' असा शेरा मारलेला असताना कुणाच्या तरी शिफारसपत्रानं तो शेरा उडवला होता. ते पत्र त्या फायलीत होतं. मुंबईची प्रत सापडत नाही, असं उत्तर आधीच आलं होतं. सोमवारी विधिमंडळाची समिती येऊन आमच्या कचेरीतली फाइल बघणार होती.

समितीसाठी फाइल काढायला म्हणून रेश्मानं गेल्या सोमवारी रुमाल सोडला, तर फायलीच्या जागी तेवढ्याच जाडीची घडी घातलेली सोलापुरी चादर. मंगळवारी तिला निलंबित केलं. समिती यायच्या आत गुन्हा नोंदवून तिला अटक करायची, असं ठरलं होतं.

त्या पत्रावर सही कुणाची, मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डवाल्यानं फाइल बांधायची असते, वाचायची नसते, हे मीच तिला शिकवलं होतं. त्या क्षणी मला माझ्या शिकवणीचा राग आला.

चादरीचा फोटो तिनं मोबाइलवर काढून ठेवला होता. मी चष्मा लावून पाहिला. निळ्या चादरीवर मोरांच्या रांगा, अगदी घरोघरी असते तशी. काठ मोठे करून पाहिले, चारी कोपरे पाहिले, आणि एक गोष्ट खटकली.

चादरीला लेबलच नव्हतं.

२

सोलापुरात लेबलाशिवाय चादर विकत नाहीत. लेबल नाही म्हणजे ती दुकानातून आलेली नाही. पण मग आली कुठून, आणि कचेरीत आत कशी गेली? जूनपासून कचेरीच्या फाटकावर जाता-येता प्रत्येक पिशवी उघडून बघतात.

याचं उत्तर बसप्पानं दिलं. बसप्पा आमचा रेकॉर्डचा शिपाई, एकतीस वर्षं त्या धुळीत काढलेला माणूस. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त झाला. निरोप समारंभाचा सत्कार म्हणजे आपल्याकडं चादर आलीच. त्या दिवशी कचेरीत चादरीच चादरी होत्या. ज्याच्या त्याच्या काखेत पारदर्शक पिशवीतली चादर. एखादी इकडची तिकडं झाली तर कोण बघतो?

कार्यक्रम संपल्यावर बसप्पाला रेकॉर्ड रूमच्या उंबऱ्याला नमस्कार करायचा होता. रेश्मानं कुलूप काढलं. आत चौघं गेले. बसप्पा आणि रेश्मा, समारंभाचे अध्यक्ष नायब तहसीलदार संगमेश बिराजदार, आणि आमदार थिट्यांतर्फे सत्काराला आलेला त्यांचा स्वीय सहायक गुरु. रेश्माला मध्येच चहाचं बघायला बाहेर बोलावलं. बसप्पा मांडण्यांपुढं कपाळ टेकून रडत बसला.

"किती वेळ रडलास रे?" मी विचारलं.

"म्या काय घड्याळ लावून रडलो व्हय, अक्का? आसंल पाव तास."

म्हणजे पाव तास ती खोली संगमेश आणि गुरु यांच्या हाती होती. नंतर शनिवार-रविवार कुलूप, आणि सोमवारी रेश्मानं सर्वांदेखत रुमाल सोडला. फाइल वीतभर जाडीची. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं शपथेवर सांगितलं की त्या दिवशी कागदाचा कपटासुद्धा बाहेर गेला नाही, चादरीच्या पिशव्यासुद्धा त्यानं चाचपून सोडल्या. पोलिसांनी रेश्माचं टेबल आणि दोन कपाटं उचकली, धुळीनं शिंकले आणि फाइल बाहेर गेली असं लिहून मोकळे झाले.

बसप्पाला मिळालेल्या चादरी मी त्याच्या खाटेवर उलगडायला लावल्या. मंचावरच्या फोटोंत नऊ दिसत होत्या, खाटेवरही नऊच निघाल्या. नऊही चादरींना लेबल होतं.

मग मी संगमेशला गाठलं. हाही माझाच चेला. कारकून म्हणून लागला तेव्हा त्याला रुमाल बांधायला मीच शिकवलं. पुढं परीक्षा देऊन साहेब झाला, तेव्हा मी पेढे वाटले होते. माझ्या पाया पडला, कानडीत घरची विचारपूस केली, चहा मागवला. रेश्मा पोर गुणाची आहे म्हणाला. पण राहते कुंभारीच्या कामगार वसाहतीत, शेजारीपाजारी सगळे मिलचे बेकार झालेले लोक, कुणीतरी भरीस घातलं असणार. इतकं गोड बोलला की माझा चहा कडू झाला.

उठता उठता मी सहज विचारलं, त्या दिवशी तुलाही चादर मिळाली ना रे? त्याचा हात कपावर थांबला. मिळाली, आईला दिली, म्हणाला. मी म्हटलं, आमच्या भाचीच्या लग्नात द्यायला तसलीच घ्यायचीय, नमुना म्हणून दोन दिवस दे. संध्याकाळी पाठवतो म्हणाला.

आणि खरंच, संध्याकाळी त्याचा ड्रायव्हर चादर देऊन गेला. करकरीत, पिशवीबंद. कोपऱ्यात ठसठशीत लेबल.

मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपण वाढवलेलं पोर चोर निघू नये असं कुणालाही वाटतं. चादर बाजूला ठेवून मी रेश्माबरोबर कुंभारीला गेले. तिच्या शेजारी कमलम्मा म्हणून एक बाई राहते. मिलमध्ये ती नक्षीच्या खात्यात होती, मिल बंद पडल्यावर विड्या वळते. मी तिच्यापुढं मोबाइल धरला आणि ही चादर कुठली असेल, एवढंच विचारलं.

कमलम्मानं फोटो पाहिला. मांडीवरचं सूप खाली घसरलं, तंबाखू अंगणभर झाली. तिनं पदर तोंडात धरला.

"अक्का," ती म्हणाली, "मिल मी बुडवली."

३

तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठं ती बोलती झाली. सात वर्षं पोटात ठेवलेलं बोलणं, ते सरळ थोडंच येतंय?

चादरीची नक्षी मागावर येते ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांमुळं. प्रत्येक पत्त्याला भोकं पाडलेली असतात, नक्षीच्या एकेका ओळीला एकेक पत्ता, आणि शेकडो पत्ते दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. कमलम्माचं काम ती माळ ओवण्याचं. मिलच्या उद्घाटनाला पहिल्या मागावरच्या पहिल्या चादरी पाहुण्यांच्या अंगावर घालायच्या होत्या. रात्रंदिवस काम चाललं होतं. घाईत तिनं मधले बारा पत्ते उलटे ओवले.

"फोटू मोठा करा," ती म्हणाली. "मोराची मान बघा."

मी बघितलं. धड जागेवर, डोकं जागेवर, आणि मधला मानेचा तुकडा भलतीकडं सरकलेला. प्रत्येक मोराचं तसंच. नक्षी इतकी दाट की सांगितल्याशिवाय दिसत नाही, आणि एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

चूक खात्याच्या मास्तरच्या ध्यानात आली तोवर दोन चादरी उतरल्या होत्या आणि पाहुण्यांच्या गाड्या आवारात आल्या होत्या. मालक म्हणाला, लेबलं राहू द्या, तशाच पिशवीत घाला, सत्काराची चादर उलगडून कोण बघतो? त्याचं खरंच होतं. आपल्याकडं पुढाऱ्याला मिळालेली चादर पिशवीतून बाहेर येतच नाही. कपाटात पडते आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला जाते. मास्तरनं त्या दोन चादरींनंतर माळ सोडवून नव्यानं ओवून घेतली. तशी तिसरी चादर जगात नाही.

पण कमलम्माच्या जिवाला ते लागून राहिलं. शुभकार्याच्या पहिल्या कापडावर गळा कापलेला मोर. जूनमध्ये कुलूप लागलं तेव्हा तिला वाटलं, हे आपलंच पाप. तीन हजार घरांच्या चुली आपल्या बारा पत्त्यांनी विझवल्या. कुणाला सांगायची सोय नाही, कारण शेजारची प्रत्येक चूल त्यातलीच. मला त्या बाईची इतकी कीव आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी विचारायचं ते विचारलं. त्या दोन चादरी कुणाच्या अंगावर घातल्या?

कमलम्मानं डोळे पुसले आणि दोन बोटं वर केली. एक अभिमन्यू कोरके, आणि दुसरा युवराज थिटे. दोघं एकाच गाडीतून उतरले होते. पत्रकारांना बोलावलं नव्हतं. आत फक्त मालक, मास्तर आणि मागावरची बारा माणसं.

जे दोघं टीव्हीवर घसा फोडून सांगत होते की त्या मिलच्या वाऱ्याला आपण कधी उभे राहिलो नाही, ते!

मी म्हटलं, अगं, मग पाच महिने हे कुणाला सांगितलं का नाही?

"आमाला कुणी इचारलंच न्हाई, अक्का."

४

रुमालात सापडलेली चादर या दोघांपैकी एकाच्या घरातली होती. कुणाच्या?

शनिवारी सकाळी मी एस.टी.नं पंढरपूरला आणि तिथून करकंबला गेले. अभिमन्यूराव मुंबईत वाहिन्यांना मुलाखती देत होते, ते मला हवंच होतं. बंगल्याच्या ओसरीत त्यांच्या मातोश्री बजाबाई खुर्चीत बसल्या होत्या. म्हातारीनं मला बसवलं, गूळ-पाणी दिलं, कुठून आलात विचारलं. सोलापूरहून म्हटल्यावर खूश झाल्या. त्यांच्या गुडघ्यांवर निळी चादर होती. मोरांच्या रांगा. मी वाकून पाहिलं. मान तुटलेली.

चादर सुरेख आहे म्हटलं, तर बजाबाई हसल्या.

"सुरेक कशाची, मोराची मान मोडलीया न्हवं. माजा डोळा लई तिखाट, बाई. लेकाला म्हनलं बी, आसली चादर घरात नगं. पन ऊब हाय की. त्या दिशी त्यो आन् युवराज हितंच जेवली दोगं बी, एका पंक्तीला. आता टीव्हीत भांडत्यात, मला तर काय कळंनाच झालंय."

मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. म्हातारीनं खरं तेच सांगितलं, पण लेकाचं काय होणार हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मला आतून अपराध्यासारखं वाटलं. पण रेश्माचा चेहरा डोळ्यांपुढं होता.

म्हणजे रुमालातली चादर युवराज थिट्यांची. परतल्यावर मी तडक त्यांच्या संपर्क कार्यालयात गेले. गुरु चटपटीत पोरगा, कपाळावर टिळा, हातात दोन फोन. भैयांनी, म्हणजे थिट्यांनी, त्या मिलच्या आवारात पाय ठेवलेला नाही, हे त्यानं मी न विचारताच सांगितलं. मी फक्त चादरींबद्दल बोलले. त्यानं मोठ्या प्रेमानं कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत पिशवीबंद चादरी. देताना तळातली, जुनी आधी काढतो म्हणाला, नाहीतर कापडाला वास लागतो. बसप्पाच्या समारंभाला त्यानं तळातल्या दोन नेल्या होत्या. एक बसप्पाला दिली. दुसरी अध्यक्षांना. रेकॉर्ड रूममध्ये आपण सगळा वेळ दारात फोनवरच होतो, असंही म्हणाला.

बसप्पाच्या नऊही चादरींना लेबल होतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. मग बिनलेबलाची मोराची चादर गेली ती अध्यक्षांच्या हातात. संगमेशच्या हातात. आणि माझ्याकडं त्यानं पाठवली ती नवी, बाजारातून आणलेली.

घरी येऊन मी दिवा न लावता बसले. त्याच्या आईला वापरायला दिलेली चादर पिशवीबंद कशी आली, हे मला शुक्रवारीच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं.

पण एक कोडं उरलंच. संगमेशनं ही चोरी कुणासाठी केली? कोरक्यांसाठी की थिट्यांसाठी? मी दिवा लावला आणि आठवड्याची वर्तमानपत्रं काढून बसले. फाइल जाईपर्यंत दोघं एकमेकांवर तुटून पडत होते. फाइल गेली त्या दिवसापासून कोरके म्हणत होते, दोष त्या कारकून बाईचा. थिटेही म्हणत होते, दोष त्या कारकून बाईचा. शब्दसुद्धा तेच.

आता सांगा, पत्रावर एकाचीच सही असती, तर दुसऱ्यानं फाइल चोरीला गेल्यावर आकाशपाताळ एक केलं नसतं का? 'माझ्या वैऱ्यानंच चोरली' म्हणून कचेरीपुढं ठाण मांडलं नसतं? हातची शिकार पळाली तरी शिकारी गप्प. म्हणजे ती फाइल गेल्यानं दोघांचाही जीव भांड्यात पडला होता.

मला सगळं कळलं होतं. पण हातात काय होतं? एक चादर आणि एका म्हातारीचं बोलणं. फाइल नाही तर काहीच नाही, आणि समितीला मध्ये फक्त रविवार होता.

५

मोठ्या मॅडमना, म्हणजे कलेक्टरबाईंना, मी रविवारी सकाळी सातला त्यांच्या बंगल्यावर गाठलं. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण ऐकून घेणाऱ्या. ऐकून घेतलं, फोन केले, आणि नऊ वाजता रेकॉर्ड रूम उघडली. मॅडम, मी, रेश्मा, बसप्पा आणि बोलावून आणलेला संगमेश.

मी मोराच्या चादरीचा फोटो, करकंबची हकिगत, गुरुच्या कपाटाची गोष्ट आणि संगमेशनं पाठवलेली लेबलवाली चादर, असं सगळं ओळीनं मांडलं. संगमेश शांतपणे ऐकत होता. मग मॅडमकडं वळून म्हणाला की सत्काराच्या चादरी हातोहात बदलतात, मला मिळालेली कुणी उचलली असेल, अक्कांचं वय झालंय. मग माझ्याकडं वळला.

"फाइल कुठं आहे, अक्का? तेवढं दाखवा."

"इथंच," मी म्हटलं. "या खोलीत."

पहारेकरी म्हणतो कागद बाहेर गेला नाही, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवते. ज्याला पाव तासच मिळाला, त्यानं कल्पवृंदचा रुमाल सोडला, फाइल काढली, पोकळी दिसू नये म्हणून चादर भरली, आणि फाइल दुसऱ्या कुठल्यातरी रुमालात सरकवून गाठ बांधली. समितीचं वादळ सरलं की सावकाश न्यायची. साडेतीन हजारांत कोण शोधणार? आणि गाठ कशी बांधायची, ते त्याला मीच शिकवलेलं.

संगमेशच्या ओठावर हसू आलं, आणि मला त्या हसण्याचा संताप आला. साडेतीन हजार रुमाल सोडायला आठवडा लागेल, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सोडायचे नाहीत," मी म्हटलं. "नुसते बघायचे."

खंडेनवमीला सगळीकडं शस्त्रांची पूजा होते. आमची शस्त्रं म्हणजे हे रुमाल. संगमेश कारकून होता तेव्हा आम्ही दाराला आणि मांडण्यांना हळदकुंकू लावायचो. साहेब झाल्यावर तो खंडेनवमीला दारात येऊन पेढा खायचा आणि जायचा. पण नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी एक पद्धत पाडली, आणि रेश्मानं ती पुढं चालवली: प्रत्येक रुमालाच्या गाठीवर ओल्या कुंकवाचं एक बोट. लाल नाडीवर लाल बोट, बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही. गाठ सोडून पुन्हा बांधली की ते बोट कधीच जुळत नाही, अर्धं इकडं, अर्धं तिकडं. खंडेनवमीनंतर जे रुमाल कामासाठी सोडले, त्यांची नोंद रेश्माच्या वहीत होती. गाठ मोडलेली आणि वहीत नोंद नाही, असा एक रुमाल शोधायचा होता.

लोकांना ती माझी भक्ती वाटायची. भक्ती होतीच, पण ती मोहोरही होती.

रेश्मानं कपाळावर हात मारून घेतला. हे तिला स्वतःला सुचलं नव्हतं. अटकेच्या भीतीनं माणसाची बुद्धी चालत नाही. तिनं आणि बसप्पानं बॅटऱ्या घेतल्या. पहिली रांग झाली, दुसरी झाली. बसप्पा गाठ बघायचा आणि "हाय" म्हणायचा, पुढची बघायचा, "हाय." संगमेश खिडकीशी उभा होता. तिसऱ्या रांगेत खालच्या फळीवर जुन्या कुळकायद्याचे रुमाल आहेत. ते वर्षानुवर्षं कुणी मागत नाही. तिथं बसप्पाचा आवाज थांबला.

"न्हाय," तो म्हणाला.

रेश्मानं वही बघितली. नोंद नव्हती. गाठ मीच सोडली. कुळकायद्याच्या पिवळ्या कागदांखाली कल्पवृंदची फाइल होती.

पत्र शेवटून चौथं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. कंपनीला जमीन तातडीनं द्यावी, अधिकाऱ्यांच्या हरकती गैरलागू समजाव्यात. खाली एकाखाली एक दोन सह्या होत्या. अभिमन्यू कोरके. युवराज थिटे.

संगमेश खाली बसला. मी त्याच्याजवळ गेले. जाळून का नाही टाकलीस, मी कानडीत विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"तुम्ही शिकवलं होतं की, अक्का, कागद फाडायचा नाही." मग म्हणाला, "एकाच दिवशी दोघांचाही फोन आला. दोघांना नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. आणि पत्र माझ्यापाशी राहिलं असतं, तर पुढं दोघंही माझ्या मुठीत राहिले असते."

आणि रेश्मा तुरुंगात गेली असती, त्याचं काय, मी विचारलं. ज्या हातांनी त्याचे पेढे वाटले होते, ते मला त्या वेळी धुऊन काढावेसे वाटले.

६

सोमवारी समिती आली. फाइल रेश्मानं स्वतःच्या सहीनं त्यांच्यापुढं ठेवली. तिचं निलंबन रविवारीच उठलं होतं, संगमेश पोलिसांच्या ताब्यात होता. दुपारपर्यंत पत्र सगळ्या वाहिन्यांवर झळकलं. कोरके म्हणाले, थिट्यांनी गळ घातली म्हणून सही केली. थिटे म्हणाले, मंत्री ते, मी त्यांच्या शब्दाबाहेर कसा जाणार? संध्याकाळी मालकाचंही परदेशातून निवेदन आलं. दोष सरकारी धोरणाचा, म्हणे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण फुटलेलं तांबडंसुद्धा दुसऱ्याच्या दारात ढकलणारी ही माणसं!

तशीच मी रेश्माला घेऊन कुंभारीला गेले. कमलम्मा अंगणात सूप घेऊन बसली होती. रेश्मा तिच्या पाया पडली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मी सगळी हकिगत सांगितली. ती मान तुटली नसती तर ती चादर हजारातली एक राहिली असती, आणि ही पोर आज कोठडीत असती.

कमलम्मानं सगळं ऐकून घेतलं. ती अजून तिथंच अडकली होती.

"मग मिल कशानं बुडाली, अक्का?"

"दोन सह्यांनी."

विडीचं टेंभुर्णीचं पान तिच्या हातात तसंच होतं.

"मग माजी चूक न्हवती?"

एवढ्या मोठ्या प्रकरणात चूक आपली म्हणणारं एकच माणूस निघालं होतं, आणि ते हे. मला खोटं बोलवेना.

"चूक होती की," मी म्हटलं. "पण ती मोराची होती. मिलची नव्हती."

तिनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. रेश्मा आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. मग कमलम्मानं हळूच विचारलं, ती दुसरी चादर, करकंबच्या आजींकडची, ती त्या अजून वापरतात का.

"रोज पांघरतात," मी सांगितलं. "ऊब आहे म्हणतात."